रखमाबाईंचा नकार आणि कायद्याची सक्ती

मुंबई उच्च न्यायालयात १८८४ ते १८८८ या काळात चाललेल्या 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' या खटल्याचा उल्लेख महाराष्ट्रातील स्त्रीजीवनाच्या इतिहासात वारंवार येतो. तो बहुधा बालविवाहाविरुद्धच्या सुधारकी चळवळीतील एक प्रकरण म्हणून, किंवा पुढे डॉक्टर झालेल्या एका बाईच्या चरित्रातील वादळी अध्याय म्हणून येतो, आणि या दोन्ही रीतींत खटल्याचा कायदेशीर गाभा मागे पडतो. लग्न कोणत्या वयात व्हावे एवढाच प्रश्न रखमाबाईंनी न्यायालयापुढे ठेवला नव्हता. ज्या विवाहाला मुलीने कधी होकार दिलाच नाही, त्याच्या आधारे वयात आलेल्या, विचार करू शकणाऱ्या बाईला पतीच्या घरी नांदण्याची सक्ती सरकारचे न्यायालय करू शकते काय, असा तो प्रश्न होता. न्यायालयाने अखेर त्यांच्या विरोधात उत्तर दिले. तरीही एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या इतिहासात या पराभवाला जे स्थान आहे ते अनेक विजयांना नाही, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत सुतार जातीच्या कुटुंबात झाला. आई जयंतीबाई सतरा वर्षांच्या असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. या जातीत विधवेने पाट लावण्याला मज्जाव नव्हता, त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंचे दुसरे लग्न डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी झाले. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली खरी, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात आणला होता. जयंतीबाईंनी दुसऱ्या लग्नाआधी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावावर केली, आणि ही गोष्ट पुढील सर्व घटनांमध्ये निर्णायक ठरली. नकार देणाऱ्या बाईला राहायला जागा, पोटाला अन्न आणि वकिलाला द्यायला पैसा लागतो, आणि रखमाबाईंपाशी या तिन्ही गोष्टी एका विधवेने वेळीच केलेल्या व्यवस्थेमुळे आल्या होत्या. त्यांच्या धैर्याचे वर्णन करणारे बहुतेक लेखक या मिळकतीवरून घाईने पुढे जातात, जणू पैशाचा उल्लेख केल्याने धैर्य उणे होते. वस्तुतः तिच्यामुळेच या खटल्याचे सामाजिक स्वरूप उलगडते, कारण ज्यांच्यापाशी असा आधार नव्हता अशा असंख्य मुलींचे नकार कोणत्याही दप्तरात नोंदले गेलेले नाहीत.

सावत्र वडील सखाराम अर्जुन हे मुंबईच्या विद्वत्समाजातील मोठे नाव होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत, वैद्यकावर मराठीत लिहीत, मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींची सूची त्यांनी तयार केली होती, आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी दोघेच भारतीय होते, त्यांतील एक ते व दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. अशा घरातही रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लागले. वर दादाजी भिकाजी हे एकोणीस-वीस वर्षांचे, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले होते. त्यांनी घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि माणसात यावे, अशी बोली झाली होती.

लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाई वयात आल्या आणि गर्भाधानाचा, म्हणजे पतिपत्नीच्या सहवासाला रूढीने मुभा देणाऱ्या संस्काराचा, प्रश्न उभा राहिला. सखाराम अर्जुन यांनी, डॉक्टर या नात्याने, इतक्या कोवळ्या वयात सहवास होऊ द्यायला नकार दिला. दादाजींचे शिक्षणात मन रमले नाही. ते मामा नारायण धर्माजी यांच्या घरी राहायला गेले, मध्यंतरी क्षयाने आजारी पडले, आणि वर्षे उलटत गेली. इकडे रखमाबाई घरीच वाचू लागल्या. मिशनच्या ग्रंथालयातून येणारी पुस्तके आणि वडिलांकडे येणाऱ्या सुधारक मंडळींच्या चर्चा हीच त्यांची शाळा होती. मुलगी वाचते आहे आणि नवरा मामाच्या घरी बसून आहे, हे अंतर दर वर्षी वाढत गेले. मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत पत्र पाठवून बायकोला नांदायला पाठवण्याची मागणी केली. सखाराम अर्जुन यांनी आपण मुलीला अडवून ठेवलेले नाही असे वकिलांमार्फतच उत्तर दिले, आणि रखमाबाईंनी जायचे नाकारले. विसाव्या वर्षातील तरुणीने घेतलेला हा निर्णय तिच्या वतीने दुसऱ्या कोणी घेतलेला नव्हता, हे पुढे तिच्या लेखनातून आणि वागण्यातून पुरेपूर सिद्ध झाले. खटला सुनावणीस येण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. त्यानंतरची झुंज रखमाबाईंना त्यांच्याविना द्यावी लागली.

दादाजींनी लावलेला दावा 'दांपत्य हक्कांच्या पुनःस्थापनेचा' होता. पती किंवा पत्नी सबळ कारणाशिवाय दुसऱ्यापासून वेगळे राहत असेल, तर त्याला किंवा तिला परत नांदायला जाण्याचा हुकूम न्यायालयाने द्यावा, अशी मागणी या दाव्यात केलेली असते. हा उपाय ना मनुस्मृतीत होता ना याज्ञवल्क्यस्मृतीत, ना जातपंचायतींच्या वहिवाटीत. त्याचे मूळ इंग्लंडमधील ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या न्यायालयांत होते. तिथून तो दिवाणी न्यायालयांकडे आला आणि इंग्रज न्यायाधीशांच्या हातून हिंदुस्थानात पोहोचला. १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणात असा दावा हिंदुस्थानात चालू शकतो असे ठरवले होते. हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची किंवा त्याची मिळकत जप्त करण्याची तरतूद येथील दिवाणी प्रक्रिया संहितेत होती. हिंदू धर्मावर आघात होतो म्हणून ज्यांनी पुढे रान उठवले, ते ज्या उपायाचा कैवार घेत होते तो परक्या धर्मपीठाच्या पदरातून आलेला होता. मजकूर इंग्रजी, अधिकार सरकारचा, आणि समर्थन मात्र श्रुतिस्मृतींच्या नावाने, असा हा विलक्षण मेळ होता. परकीय सत्ता आणि देशी पुरुषवर्ग हे नेहमीच परस्परविरोधी होते, हा समज या खटल्यापुरता तरी टिकत नाही.

सप्टेंबर १८८५ मध्ये हा दावा न्या. रॉबर्ट हिल पिन्ही यांच्यापुढे सुनावणीस आला. दादाजींची गरिबी, प्रकृती आणि मामाच्या घरचे वातावरण हे मुद्दे बचावात होतेच. मात्र न्यायाधीशांनी रखमाबाईंच्या बाजूला फारसे बोलू न देताच दावा फेटाळला, कारण त्यांच्या मते वादीपक्षाची बाजू मुळातच उभी राहत नव्हती. त्यांचा युक्तिवाद असा होता की हे दांपत्य कधी एकत्र नांदलेच नव्हते, तेव्हा पुनःस्थापना करायची ती कशाची? इंग्लंडमधील निवाडे समजत्या वयात, स्वेच्छेने विवाह करणाऱ्यांसाठी होते, तर येथे असहाय बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या जोरावर एका तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करण्याची मागणी होती. हिंदू कायद्यातही अशा सक्तीला त्यांना आधार सापडला नाही. पिन्ही निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते आणि हा निकाल त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरचा. कायद्याच्या काटेकोर कसोटीवर त्यात दुवे सुटलेले असतीलही, पण बाईची संमती हा विवाहविषयक न्यायनिर्णयाचा आधार होऊ शकतो ही शक्यता त्यांनी अधिकृत भाषेत नोंदवली, आणि ती पुन्हा पुसता आली नाही.

याच सुमारास 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' अशा टोपणनावाने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. जून १८८५ मधील पहिले पत्र बालविवाहावर होते आणि सप्टेंबरमधील दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. ती रखमाबाईंची होती. सुधारक बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली याच दोन विषयांवर टिपणे प्रसिद्ध करून देशभर वाद पेटवला होता, आणि त्या वादात पुरुषच पुरुषांशी भांडत होते. या पत्रांतून ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्यांच्यातली एक बाई बोलली. लग्नाने अभ्यास कसा तुटतो, मुलीचे मन आणि शरीर कसे खुंटते, पुरुषाला मोकळ्या असलेल्या वाटा बाईला कशा बंद होतात, हे तिने स्वतःच्या अनुभवावरून सांगितले. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली बाहेर आले होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेवरून उसळलेल्या चर्चेतून ते जन्मले होते. ताराबाईंनी मराठीत पुस्तक लिहिले आणि जोतीराव फुल्यांचा अपवाद वगळता बहुतेकांनी त्याकडे पाठ फिरवली. रखमाबाईंनी इंग्रजी वृत्तपत्र आणि न्यायालय ही दोन व्यासपीठे निवडली, आणि तिकडे दुर्लक्ष करणे कोणालाच शक्य झाले नाही.

पिन्ही यांच्या निकालावर टीकेची झोड उठली. विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या 'नेटिव्ह ओपिनियन'ने दादाजींची बाजू घेतली. टिळकांनी 'केसरी' आणि 'मराठा' या आपल्या वृत्तपत्रांतून असे मांडले की न्यायाधीशाला हिंदू विवाहाचा आत्मा कळलेला नाही आणि या साऱ्या अनर्थाचे मूळ मुलींना दिल्या जाणाऱ्या इंग्रजी वळणाच्या शिक्षणात आहे. सामाजिक सुधारणेत सरकारी कायद्याला स्थान असावे की नसावे, या प्रश्नावर 'केसरी'-'मराठा'च्या मंडळींतच फूट पडत होती. सुधारणेच्या बाजूचे आगरकर १८८७ साली 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. टिळकांच्या भूमिकेत परकीय सरकारने समाजाच्या अंतर्गत बाबींत हात घालू नये हा मुद्दा होता आणि त्याचे राजकीय वजन नाकारता येत नाही. पण न्यायालयाने बाईला पकडून नवऱ्याच्या घरी पोहोचवावे ही मागणीही परकीय सरकारच्या हस्तक्षेपाचीच होती. या विसंगतीला त्या बाजूने कधी नीट उत्तर दिले गेले नाही. टिळकांच्या थोरवीविषयी पूर्ण आदर बाळगूनही हे स्पष्ट म्हणणे प्राप्त आहे.

अपिलात, मार्च १८८६ मध्ये, मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरवला. हिंदू विवाह विधी पूर्ण होताच पक्का होतो, त्यासाठी वधूची संमती लागत नाही, आणि सहवास झालेला नसला तरी असा दावा चालू शकतो, असे ठरवून त्यांनी प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवले. ते न्या. फॅरन यांच्यापुढे आले. वरिष्ठ पीठाने वाट आखून दिलेली असल्यामुळे त्यांना फारसा पर्याय उरला नव्हता. ४ मार्च १८८७ रोजी त्यांनी रखमाबाईंना महिन्याभरात दादाजींच्या घरी जाण्याचा हुकूम दिला. तो न पाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. आपण तुरुंगात जाऊ, पण त्या घरी जाणार नाही, असे उत्तर रखमाबाईंनी दिले.

इंग्लंडमध्ये अशा हुकमाच्या भंगाबद्दल कैद करण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द झाली होती, म्हणजे लंडनच्या बाईला ज्या कारणासाठी तुरुंग दाखवता येत नव्हता त्याच कारणासाठी मुंबईच्या बाईला तो दाखवला जात होता. आणखी एक जुळणी नोंदण्याजोगी आहे. निकालाच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने वारल्या होत्या. वर्षभरापूर्वीच, मार्च १८८६ मध्ये, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली होती. त्यांच्या निधनाने सारा महाराष्ट्र हळहळला. नवऱ्याच्या हट्टाने आणि संमतीने समुद्र ओलांडून शिकलेली, त्या कष्टात देह झिजवलेली बाई समाजाला लगोलग वंदनीय वाटली. नवऱ्याला नको म्हणणारी बाई मात्र त्याच आठवड्यात अनेकांच्या निंदेचा विषय होती. आनंदीबाईंचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही, पण समाज स्त्रीच्या कर्तृत्वाला कोणत्या अटीवर मान देत होता हे मात्र उघड होते.

रखमाबाईंच्या बाजूनेही माणसे उभी राहिली. मुंबईत त्यांच्या बचावासाठी समिती स्थापन झाली. मलबारी आणि डॉ. एडिथ पीची हे त्यांचे खंदे पाठीराखे होते. पीची या एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी झगडलेल्या सात स्त्रियांपैकी एक असून मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या कामासाठी येथे आल्या होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची दखल घेतली, आणि स्त्रीचा कैवार घेण्याच्या गोष्टी करणारे इंग्रज सरकार प्रत्यक्षात पुरुषांशी कसे जुळवून घेते यावर बोट ठेवले. त्याच वर्षी दादाजींनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली. बायकोच्या माहेरच्यांना मिळकत हातची जाऊ द्यायची नाही म्हणून तिला फूस लावली जाते, असा त्यांचा आरोप होता. रखमाबाईंनी वृत्तपत्रातून मुद्देसूद प्रत्युत्तर दिले. स्वतःच्या लग्नाविषयी, नवऱ्याच्या आरोपांविषयी, घरातल्या पैशाविषयी एका हिंदू बाईने सही करून जाहीरपणे लिहावे, याला त्या काळी काय किंमत पडली असेल याची कल्पना आज करणेही कठीण आहे.

खटल्याचा शेवट कोणत्याही न्यायनिवाड्याने झाला नाही. जुलै १८८८ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकमाची बजावणी मागण्याचा हक्क सोडला, आणि पुढे त्यांनी दुसरे लग्न केले. व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून हा विवाह रद्द केला, अशी कथा अजूनही लेखांतून आणि भाषणांतून फिरते. ती टाकून दिली पाहिजे. राणीने असा कोणताही हुकूम काढला नाही, आणि ही कथा रखमाबाईंवर अन्याय करते, कारण जे त्यांनी स्वतःच्या हिमतीने आणि पैशाने मिळवले त्याचे श्रेय ती ज्या सत्तेच्या न्यायालयाने त्यांना तुरुंगाची धमकी दिली तिलाच देऊन टाकते. विवाह कायद्याने अबाधित राहिला होता. रखमाबाईंना घटस्फोट मिळाला नाही, पुनर्विवाहाचा मार्ग खुला झाला नाही, सुटली ती फक्त सक्ती.

संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याशी या खटल्याचा संबंध अनेकदा थेट जोडला जातो, तो थोडा तपासून घ्यावा लागतो. १८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय दहा ठरवले होते, म्हणजे त्याखालील वयाच्या पत्नीशी केलेला संभोगही बलात्कार मानला जाई. १८९१ च्या मार्चमध्ये ते वय बारा करण्यात आले. त्यामागचे तातडीचे कारण कलकत्त्याच्या फुलमणी दासी या अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलीचा पतीच्या अत्याचारामुळे झालेला मृत्यू हे होते. रखमाबाईंच्या खटल्याने जमीन नांगरली होती, आणि १८९० साली विलायतेतील एका नियतकालिकात बालविवाहावर लेख लिहून त्यांनी त्या मागणीला बळही दिले. पण त्यांचा मूळ मुद्दा कायद्यात उतरला नाही. दहाऐवजी बारा वर्षांच्या मुलीला संरक्षण मिळाले, आणि वीस वर्षांच्या बाईच्या नकाराला मिळाले नाही. योगायोग असा की त्याच मार्च महिन्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने जॅक्सन प्रकरणात पती पत्नीला कोंडून ठेवू शकत नाही असा निर्णय दिला.

तडजोडीनंतर रखमाबाई इंग्लंडला गेल्या. १८८९ साली त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. लंडनच्या रॉयल कॉलेजांनी आपल्या परीक्षा तेव्हा स्त्रियांसाठी उघडल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी १८९४ साली स्कॉटलंडमधील वैद्यकीय संस्थांच्या परीक्षा देऊन व्यवसायाचा परवाना मिळवला, आणि ब्रुसेल्सची एम. डी. पदवीही घेतली. परत आल्यावर त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. तेथे त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले, प्लेगच्या साथीतही सुरत सोडली नाही, आणि नंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयात निवृत्तीपर्यंत सेवा बजावली. पडद्याआड राहणाऱ्या बायकांना पुरुष डॉक्टरांपुढे आणले जात नसे, त्यामुळे बाळंतपणात आणि साध्या तापातही त्यांचे हाल होत. अशा बायकांपर्यंत पोहोचणे हे रखमाबाईंचे पस्तीसेक वर्षांचे रोजचे काम होते. निवृत्त होताना त्यांनी पडदापद्धती बंद होण्याची निकड मांडणारी पुस्तिका लिहिली. तिच्यात वैद्यक आणि स्त्रीहक्क या दोन्ही अंगांनी येणारा अनुभव एकवटला आहे. मोहिनी वर्दे यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले तेव्हा कुठे महाराष्ट्राला त्यांची नीट ओळख झाली. गुजरातने त्यांना आधीच आपले मानले होते.

कायदा मात्र सावकाश हलला. दांपत्य हक्कांच्या हुकमापायी कैद करण्याची तरतूद हिंदुस्थानात १९२३ साली रद्द झाली, म्हणजे फॅरन यांच्या निकालानंतर छत्तीस वर्षांनी. मिळकतजप्तीची तरतूद राहिली. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी लागू झाला आणि त्याने हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी रखमाबाई मुंबईत निवर्तल्या. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात दांपत्य हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा कायम ठेवण्यात आला होता. इंग्लंडने तो १९७० साली रद्द केला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. चौधरी यांनी सरिता प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवले. बाईच्या शरीरावरचा आणि मातृत्व पत्करावे की नाही यावरचा तिचा अधिकार राज्यसत्ता या दाव्याच्या रूपाने हिरावून घेते, असा त्यांचा विचार होता. पुढच्याच वर्षी सरोज राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. आजही कौटुंबिक न्यायालयांत पत्नीने पोटगीसाठी अर्ज केला की त्याला उत्तर म्हणून पतीकडून नवव्या कलमाखालचा दावा लावला जाण्याची उदाहरणे वकिलांना नित्याचीच आहेत.